मोजपट्टी आणि पंचांग : दिव्यांगांच्या समुद्रसहलीचे नियोजन

कोकणातील कोणत्याही किनाऱ्यालगतच्या निवासस्थानाच्या ओसरीवर संध्याकाळी एक दृश्य हमखास दिसते. घरची सारी मंडळी वाळूकडे धावलेली असतात आणि चपलांच्या ढिगाशेजारी, पर्स आणि मोबाइल सांभाळत, चाकाच्या खुर्चीवरील एक जण मागे राहिलेला असतो. 'तुम्ही बसा, आम्ही जाऊन येतो', हे वाक्य त्याच्या ओळखीचे झालेले असते. समुद्र शंभर पावलांवर असतो. त्याची गाज ऐकू येते, वारा अंगावर येतो, पण पाण्यापर्यंत जाता येत नाही. शेकडो किलोमीटरचा प्रवास करून केलेली सहल अशी शेवटच्या शंभर पावलांवर अडते.

ही अडवणूक बहुतेक वेळा तीन गोष्टींमुळे होते. निवासाच्या पायऱ्या, स्नानगृहाचा अरुंद दरवाजा आणि पाय रुतणारी कोरडी वाळू. तिन्हींचा अंदाज घरातून निघण्यापूर्वीच घेता येतो. त्यासाठी लागणारी साधने फार मोठी नाहीत. एक दूरध्वनी, एक मोजपट्टी आणि भिंतीवरचे पंचांग किंवा दिनदर्शिका एवढी तयारी पुरते.

प्रश्न मूठभर लोकांचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख, तर महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती आहेत. त्यावेळी १९९५ च्या कायद्यातील सातच प्रवर्ग लागू होते. २०१६ च्या कायद्याने ही संख्या २१ वर नेली. गुडघ्यांनी साथ सोडलेले आजी-आजोबा, अर्धांगवायूतून सावरणारे रुग्ण आणि कंपवाताचे रुग्ण यांनाही नेमक्या याच पायऱ्या आणि हाच दरवाजा अडवतो.

हक्क आहे, सवलत नव्हे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. सार्वजनिक वापराच्या इमारती पाच वर्षांत, तर सरकारी वा खासगी सेवा दोन वर्षांत सुगम कराव्यात, असे बंधन त्याने घातले. त्याखालील नियम जून २०१७ मध्ये अधिसूचित झाले. म्हणजे दोन्ही मुदती केव्हाच उलटून गेल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात दिलेल्या निकालात सुगमतेविषयीचा नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला आणि केवळ शिफारशी पुरेशा नसून किमान मानके बंधनकारक असली पाहिजेत, असे स्पष्ट केले. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला.

तारांकित हॉटेलांच्या बाबतीत केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणाचे निकष उपयोगी पडतात. दिव्यांग अतिथींसाठी किमान एक खोली, किमान एक मीटर रुंदीचा दरवाजा, कमी उंचीचे फर्निचर, आणि ऐकू येणारी तसेच लुकलुकत्या दिव्याने दिसणारी धोक्याची सूचना, या बाबी त्यात नमूद आहेत. मात्र बहुतेक ठिकाणी अशी खोली खरोखरच एकच असते आणि ती सामान्य पर्यटकालाही दिली जाते. त्यामुळे 'सुगम खोली हवी' एवढे सांगून भागत नाही. त्याच खोलीचे आरक्षण क्रमांकासह लेखी मागून घ्यावे.

'रॅम्प आहे' या उत्तराचा अर्थ

दूरध्वनीवर 'व्हीलचेअर येते का' असे विचारले की 'हो, येते की, आमची पोरं उचलून आणतात' हे उत्तर कोकणात आपुलकीने मिळते. त्यात लबाडी नसते. पण उचलले जाणे आणि स्वतः जाणे यांतला फरक ज्याला उचलतात त्यालाच कळतो. दिवसातून एकदा उचलून घेणे निभावते. दर वेळी स्वच्छतागृहाला जाण्यासाठी चार माणसांना हाक मारावी लागली, तर माणूस पाणी पिणेच कमी करतो. उन्हाच्या दिवसांत हे थेट प्रकृतीवर येते. म्हणूनच प्रश्न होय-नाहीचे नसावेत, मापाचे असावेत.

उताराचे साधे गणित असे. एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबीचा उतार, हे प्रमाण केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत दिलेले आहे. सहा इंचांच्या तीन पायऱ्यांसाठी त्यामुळे अठरा फुटांचा उतार लागतो. कोकणी घराचे जोते तीन फूट उंच असेल, तर छत्तीस फूट आणि मध्ये थांबण्यासाठी सपाट जागा हवी. पायऱ्यांवर टाकलेली चार फुटांची फळी म्हणजे रॅम्प नव्हे, ती घसरगुंडी होय.

दरवाजांचेही तसेच. प्रौढ व्यक्तीच्या साध्या चाकाच्या खुर्चीची एकूण रुंदी चोवीस ते सत्तावीस इंच असते. निवासांच्या स्नानगृहांचे दरवाजे अनेक ठिकाणी एवढेच किंवा त्याहून अरुंद असतात. मार्गदर्शक तत्त्वांनुसार दरवाजा ९०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीन फूट मोकळा असावा आणि खुर्ची वळवण्यासाठी १५०० मिलिमीटर, म्हणजे पाच फूट व्यासाची जागा असावी. दरवाजा आत उघडत असेल तर ही जागा निम्मी खाल्ली जाते.

आरक्षणाची रक्कम भरण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारावेत. उत्तर तोंडी न घेता चौकटीवर मोजपट्टी धरून काढलेले छायाचित्र मोबाइलवर मागवावे.

१. वाहन थांबते तेथपासून खोलीपर्यंत एकूण पायऱ्या किती? उंबरठा किती इंचांचा?
२. खोलीचा आणि स्नानगृहाचा दरवाजा पूर्ण उघडल्यावर मोकळी रुंदी किती?
३. कमोड आहे का? त्याच्या बाजूला खुर्ची लावण्याइतकी जागा आणि भिंतीत पक्का बसवलेला आधाराचा दांडा आहे का?
४. पलंगाची उंची किती? खुर्चीच्या बैठकीइतकी, म्हणजे अठरा ते वीस इंच असल्यास सरकणे सोपे जाते.
५. भोजनगृह त्याच मजल्यावर आहे का? उद्वाहन असल्यास वीज गेल्यावर ते चालते का?
६. आवारापासून वाळूपर्यंतची वाट कशी आहे? फरशी, चिरे, खडी, की सुरूच्या बनातील मऊ वाळू?

टॉवेल अडकवण्याच्या दांड्याला आधाराचा दांडा समजण्याची चूक अनेक ठिकाणी होते. तो अंगाचा भार पेलत नाही आणि अपघात तेथेच घडतात. दांडा नसेल, तर घडीची कमोड खुर्ची आणि स्नानासाठी प्लॅस्टिकची भक्कम खुर्ची सोबत न्यावी.

प्रवास : रेल्वे, रस्ता, विमान, जलमार्ग

सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग, तसेच पूर्ण अंध प्रवाशाला शयनयान आणि वातानुकूलित थ्री-टायरमध्ये ७५ टक्के सवलत मिळते. सोबत्यालाही तीच लागू होते. ऑनलाइन तिकिटासाठी रेल्वेचे स्वतंत्र ओळखपत्र काढावे लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून सहलीचा विचार सुरू होताच अर्ज करावा. मुंबई-मडगाव वंदे भारत गाडी २७ जून २०२३ रोजी सुरू झाली. या गाडीच्या टोकाच्या डब्यांत चाकाच्या खुर्चीसाठी जागा आणि रुंद स्वच्छतागृह आहे. कोकण रेल्वेवरील लहान स्थानकांवर काही गाड्या दोनच मिनिटे थांबतात. फलाट उतरल्यावर पूल ओलांडावा लागणार का, खुर्ची मिळेल का, हे आदल्या दिवशी स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात विचारून ठेवलेले बरे. गणपतीपुळ्यासाठी रत्नागिरी आणि तारकर्लीसाठी कुडाळ ही सोयीची स्थानके आहेत. तेथून पुढचा रस्ता मोटारीनेच करावा लागतो.

मोटार ठरवतानाही दोन गोष्टी पाहाव्यात. सीएनजीवर चालणाऱ्या टॅक्सीच्या डिकीत टाकी असते. तेथे घडी केलेली खुर्चीही मावत नाही, मग ती टपावर दोरीने बांधावी लागते. दुसरे म्हणजे, उंच गाडीपेक्षा बेताच्या उंचीच्या गाडीत खुर्चीवरून सरकणे सोपे असते. महामार्गावर सुगम स्वच्छतागृहांची खात्री देता येत नाही. थांबे आधी ठरवावेत आणि मूत्रपात्र जवळ ठेवावे.

एसटीच्या साध्या गाड्यांत ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, परंतु गाडीच्या उंच पायऱ्या खुर्चीवरील प्रवाशाला ती सवलत घेऊ देत नाहीत.

विमानप्रवासात मदतीची मागणी किमान ४८ तास आधी नोंदवावी, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम सांगतात. ही मागणी नेमकी असावी. लांब चालता येत नाही पण पायऱ्या चढता येतात अशांसाठी 'डब्ल्यूसीएचआर', पायऱ्याही चढता येत नाहीत अशांसाठी 'डब्ल्यूसीएचएस' आणि आसनापर्यंत नेण्याची गरज असणाऱ्यांसाठी 'डब्ल्यूसीएचसी' असे संकेत जगभर वापरले जातात. चुकीचा संकेत नोंदला गेला, तर अरुंद खुर्ची वा उचलयंत्र वेळेवर येत नाही. बॅटरीवरील खुर्ची असल्यास बॅटरीचा प्रकार आधी कळवणे आवश्यक आहे. गोव्यात दाबोळी आणि जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला मोपा असे दोन विमानतळ आहेत. उत्तर गोव्यातील निवास आणि दाबोळीचे तिकीट अशी गफलत झाल्यास मोटारीतले बसणे विनाकारण वाढते.

अलिबागकडे जाणाऱ्यांना मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा उपलब्ध झाली. मोटार बोटीत चढत असल्याने धक्क्याच्या पायऱ्या आणि हलणाऱ्या लाँचमध्ये पाय टाकण्याचे संकट टळते. मात्र प्रवासी कक्ष वरच्या मजल्यावर असल्यास तेथे कसे जाता येईल, हे तिकीट काढताना विचारावे. पावसाळ्यात समुद्राच्या स्थितीनुसार फेऱ्यांत बदल होतात.

तिथी पाहून तारीख ठरवावी

कोरड्या, भुसभुशीत वाळूत साध्या खुर्चीची पुढची लहान चाके काही फुटांतच रुततात. ओहोटीने नुकतीच उघडी पडलेली ओली वाळू मात्र दाबून बसलेली असते. कोकणातील अनेक किनाऱ्यांवर तिच्यावरून खुर्ची बऱ्यापैकी चालते. म्हणजेच खुर्चीवरील पर्यटकासाठी किनाऱ्याची 'वेळ' समुद्र ठरवतो आणि ती वेळ पंचांगातून काढता येते.

किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब असा आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला व अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून भरती सव्वाअकराच्या पुढेमागे आणि ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. ही वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. मुंबई आणि उत्तर कोकणाला हा हिशेब बराचसा लागू पडतो. गोव्याकडे भरती काहीशी अलीकडे येते.

यातून सहलीची तारीख निघते. द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत किंवा अमावास्येपर्यंत ओहोटी दुपारी तीन ते साडेपाचच्या दरम्यान लागते, म्हणजे ऊन उतरत असताना ओली वाळू मोकळी असते. प्रतिपदा ते चतुर्थी या दिवसांत तीच संधी सकाळी सात ते नऊच्या दरम्यान मिळते. त्रयोदशीला पोहोचून तृतीयेला परतणाऱ्या कुटुंबाला सूर्यास्त आणि सकाळ दोन्ही साधता येतात. अष्टमीच्या आसपास गेल्यास नेमके उलटे होते. संध्याकाळी भरती असते आणि वाळूचा उरतो तो मऊ पट्टा. भर दुपारी ओहोटी असते तेव्हा उन्हात उभे राहवत नाही.

एक धोका ध्यानात ठेवला पाहिजे. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते. समुद्र जितका दूर जातो तितक्याच वेगाने परत येतो. खुर्ची घेऊन पाण्यापर्यंत गेलेल्यांनी ओहोटी संपण्यापूर्वीच माघारी फिरावे आणि वेळेची खात्री स्थानिक कोळी बांधवांकडून अथवा जीवरक्षकांकडून करून घ्यावी. डिसेंबरअखेरचे दिवस आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळाव्यात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील मधले वार सर्वांत सोयीचे असतात. जून ते सप्टेंबर समुद्रात उतरण्याचा विचारच करू नये.

कोरडा पट्टा ओलांडताना

ओल्या वाळूपर्यंत पोहोचण्यासाठी मधला कोरडा पट्टा ओलांडावाच लागतो. तेथे खुर्ची पुढे ढकलू नये. ती फिरवून, किंचित मागे कलती करून, मोठ्या चाकांवर उलटी ओढावी. प्लायवूडचे दोन तुकडे असतील तर एकावर खुर्ची थांबवून दुसरा पुढे टाकता येतो. काथ्याची जाड पायपुसणी वा चटई हाही चांगला उपाय आहे. फुगीर चाकांची खास समुद्रखुर्ची मिळत असेल तर प्रश्नच मिटतो, पण ती गृहीत धरू नये. बॅटरीवरील खुर्ची वाळूत नेऊच नये. वाळू आणि खारे पाणी तिच्या मोटारीचे नुकसान करतात.

उचलण्याची वेळ आलीच, तर प्रथम त्या व्यक्तीला विचारावे. कोठे धरावे, कोणती बाजू दुखते, हे तिला ठाऊक असते. खुर्चीचे हातदांडे आणि पायठेवणी अनेकदा सुटी होतात. ती धरून उचलल्यास माणूस पडू शकतो. नेहमी मुख्य चौकट धरावी.

वाळूवर कायमची वाट बांधणे सोपे नाही, हे चेन्नईच्या अनुभवातून दिसले. मरिना किनाऱ्यावर २७ नोव्हेंबर २०२२ रोजी २६३ मीटर लांब आणि तीन मीटर रुंद लाकडी वाट दिव्यांगांसाठी खुली झाली. सुमारे एक कोटी चौदा लाख रुपये खर्च झालेल्या या वाटेचा समुद्राकडील भाग दोन आठवड्यांच्या आत 'मंदोस' चक्रीवादळाच्या लाटांनी मोडला. पुढे तिची दुरुस्ती करण्यात आली. त्या थोड्या दिवसांत आयुष्यात प्रथमच लाटांना पाय लावणाऱ्यांची छायाचित्रे देशभर प्रसिद्ध झाली होती. गोव्यात जानेवारी २०२३ मध्ये पणजीला पहिला 'पर्पल फेस्ट' भरला आणि सुगम पर्यटनाची चर्चा या किनाऱ्यावर ठळकपणे पुढे आली. कोकणातील ग्रामपंचायती आणि निवासचालकांना यातून घेण्यासारखा धडा साधा आहे. पावसाळ्यापूर्वी गुंडाळून ठेवता येईल अशी चटईची वाट लाकडी बांधकामापेक्षा स्वस्त पडते आणि समुद्राशी भांडत नाही.

प्रत्येकाची गरज निराळी

मज्जारज्जूला इजा झालेल्यांना कमरेखाली संवेदना नसते. तापलेली वाळू, शिंपल्याची धार किंवा मोटारीचा गरम पत्रा कातडी जाळतो वा कापतो, तरी कळत नाही. पाण्यात जाताना पायांत मोजे घालावेत आणि परतल्यावर टाचा, घोटे व बैठक तपासावी. ओल्या कपड्यांत तासन्‌तास बसल्याने शय्याव्रण होऊ शकतात. इजा मानेपाशी वा छातीच्या वरच्या भागात असल्यास घाम नीट येत नाही, त्यामुळे उष्माघाताचा धोका वाढतो. सावली, ओला पंचा आणि पाण्याची बाटली हाताशी हवीच.

अंध पर्यटकाला किनारा आवाजाने, वाऱ्याने आणि पायाखालच्या ओलाव्याने समजतो. मात्र लाटांच्या आवाजात सोबत्याची हाक हरवते, त्यामुळे पाण्यात हात सुटू नये. खोलीत आल्यावर पलंग, नळ, गरम पाण्याची तोटी आणि बाहेरचा दरवाजा यांची एकदा हाताने ओळख करून द्यावी. त्यानंतर सामान हलवू नये.

कर्णबधिर व्यक्तीला जीवरक्षकाची शिट्टी ऐकू येत नाही. लाल झेंडा आणि हातवारे यांचे अर्थ आधी ठरवावेत आणि जीवरक्षकाला तसे सांगून ठेवावे. खोलीतील आगीची सूचना केवळ घंटेची असेल, तर शेजारच्या खोलीची एक किल्ली सोबत्याकडे असावी. स्वमग्न मुलांसाठी गर्दी, ध्वनिवर्धक आणि अनोळखी जेवण त्रासदायक ठरते. खोलीची आणि किनाऱ्याची छायाचित्रे आठवडाभर आधी दाखवल्यास बिचकणे कमी होते. अशी मुले पाण्याकडे झपाट्याने ओढली जाऊ शकतात, म्हणून एका मोठ्या माणसाने केवळ त्यांच्यावरच लक्ष ठेवावे.

कृत्रिम पाय किंवा कॅलिपर वापरणाऱ्यांनी ते कोरड्या जागी उतरवून पाण्यात जावे. खारे पाणी सांध्यांना गंज चढवते. रोज संध्याकाळी खुर्चीची चाके गोड्या पाण्याने धुवून, पुसून त्यांना तेलाचा थेंब द्यावा. पंक्चर झाल्यास गावातील सायकल दुरुस्तीचे दुकान कामी येते.

औषधे दोन दिवस पुरतील इतकी जादा, चिठ्ठीसह न्यावीत. प्राणवायू यंत्र किंवा हवेची गादी वापरणाऱ्यांनी इन्व्हर्टरची चौकशी करावी. अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोस येथे जिल्हा रुग्णालये, तर गोव्यात बांबोळी येथे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. निवासापासून तेथवरचे अंतर आधीच पाहून ठेवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो. दिव्यांगत्वाचे वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी, मूळ आणि प्रतीसह जवळ असावे.

नियोजनात त्यालाच विचारावे

सहलीचे नियोजन बहुतेक घरांत सोबती करतात आणि दिव्यांग व्यक्तीला शेवटी कळवले जाते. तिला काय हवे आहे, हे मात्र राहून जाते. कुणाला पाण्यात उतरायचे असते, कुणाला ओल्या वाळूवर एकट्याने बसायचे असते, तर कुणाला कोळ्यांच्या होड्या लागताना पाहायच्या असतात. त्या एका इच्छेभोवती तिथी, खोली आणि गाडी ठरवली, की बाकीच्या गैरसोयी सुसह्य होतात. परतल्यावर निवासचालकाला दरवाजाचे माप, उताराची लांबी आणि आढळलेल्या उणिवा लेखी कळवाव्यात. कायद्याचे उघड उल्लंघन असल्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. दोन इंचांचा उंबरठा काढायला गवंड्याला अर्धा दिवसही लागत नाही. तो काढायला हवा, हे कुणीतरी सांगावे लागते. पुढच्या मोसमात त्याच ओसरीवर चपला राखत बसणारा एक माणूस तेवढ्याने कमी होऊ शकतो.